दिगूचा आवाज

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. भैरवनाथासमोर हात जोडून उभा राहतो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही — देवापुढेही मी पाऊसपाण्याचं काहीतरी बोलतो आणि परत फिरतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की — खरं सांगू? — सांगताना तुमच्या डोळ्यांत बघावं लागणार नाही म्हणून.

कुठून सुरुवात करू? मशीनपासून करतो. मशीनबद्दल मला न अडखळता बोलता येतं.

माझा धंदा साऊंडचा. मंचरपासून ओझरपर्यंत लग्न असो, दहावा असो, हरिनाम सप्ताह असो, कर्णे बहुतेक माझे असतात. मिक्सर, ॲम्प्लिफायर, सगळ्याला मिळून आम्ही मशीनच म्हणतो. मशीनमागं बसलेल्या माणसाकडं कोणी बघत नाही. आवाज चांगला आला तर बोलणाऱ्याचं कौतुक होतं. शिट्टी वाजली तरच सगळ्या माना माझ्याकडं वळतात. मला ते बरंच होतं. माझ्यासारख्याला मागंच बसायला आवडतं.

माझ्यासारख्याला म्हणजे — तेही सांगावं लागेल. माझा आवाज फुटलाच नाही. नववी-दहावीत बरोबरची पोरं एकामागून एक जाड आवाजात बोलायला लागली. मी वाट बघत राहिलो. दाढी आली, उंची आली, आवाज तसाच. बारीक, वर चढलेला, बाईसारखाही नाही आणि पोरासारखाही नाही. लग्न झालं, मूल झालं, तरी फोन उचलला की पलीकडचा विचारायचा, ‘ताई, घरात कोणी मोठं माणूस आहे का?’ मी म्हणायचो, ‘आहेत, थांबा,’ आणि थोडा वेळ गप्प राहून फोन ठेवून द्यायचो. हसू आलं ना? हसा. मलाही आता येतं. तेव्हा येत नव्हतं.

मला ‘पिपाणी’ हे नाव दिगूनं ठेवलं.

दिगू माझ्या वर्गातला, माझ्याच गावचा. घरची टोमॅटोची शेती, पण पंचक्रोशीत ओळख आवाजाची. तो बैलगाड्यांच्या घाटात पुकारायचा. तुम्ही घाट पाहिला नसेल तर सांगतो. यात्रेला गावाबाहेरच्या चढावर धावपट्टी केलेली असते. खाली गाडा जुंपतात, बैलांच्या पुढं पळणारा घोडीवाला, झेंडी पडली की बैल चढ चढून वर झेपावतात. एका गाड्याच्या धावण्याला बारी म्हणतात. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बारीमागून बारी. घाटाच्या माथ्यावर स्टेज, आणि स्टेजवर पुकारणारा. गाडामालकाचं नाव, गाव, बैलांची नावं, पाहुण्यांचं स्वागत, मधेच एखादी कोटी. आणि बैल सुटले की तो लांबच लांब ‘भिर्रर्र’. ते ऐकून माणसं जागेवर उभी राहतात.

दिगूचं भिर्रर्र ऐकण्यासाठी लोक लांबून यायचे. त्याचा आवाज पोटातून निघायचा आणि वर जाताना कुठंही फाटायचा नाही. लग्नात तो सूत्रसंचालन करायचा, दहाव्याला श्रद्धांजली बोलायचा — बाया डोळ्याला पदर लावायच्या. आणि माणूस चांगला होता. आहे. माझ्या धंद्याची सुरुवात त्यानंच करून दिली. कोणी त्याला बोलवायला आलं की तो सांगायचा, ‘साऊंड बाळूचा असंल तर येतो.’ माझे पहिले कर्णे उधारीवर कोणाच्या शब्दावर मिळाले? त्याच्याच.

मग चिडवलं तर काय झालं? मित्र चिडवतोच. हे मी मला हजार वेळा विचारलं आहे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. घाटात कर्ण्यांची तोंडं लोकांकडं असतात आणि पुकारणारा कर्ण्यांच्या मागं. त्याला स्वतःचा आवाज धड ऐकू येत नाही. म्हणून त्याच्या पायाशी एक लहान स्पीकर ठेवतात, तोंड त्याच्याकडं करून. आम्ही त्याला मॉनिटर म्हणतो. माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू आलं की तो बेतानं बोलतो. ऐकू आलं नाही की त्याला वाटतं, आवाज पोचत नाहीये — आणि तो ओरडतो. त्याला कळतही नाही आपण ओरडतोय ते. साऊंडवाल्याला हे कोणी शिकवावं लागत नाही. मलाही माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

हे घडलं त्या वर्षी चैत्र लागल्यापासून दिगूचा घसा कुरकुरत होता. दुसऱ्या कोणाला कळलं नसेल. मी कानावर जगणारा माणूस, मला कळत होतं. सकाळी आवाज उघडायला वेळ लागायचा. बोलण्याआधी दोनदा-तीनदा खाकरायचा. म्हणायचा, ‘घशात शेंगदाण्याचं टरफल अडाकल्यावानी वाटतंय. गिळतंय बी न्हाई, पडतंय बी न्हाई.’ संध्याकाळी आवाज जाड व्हायचा, मधेच एखादा शब्द नुसती हवा होऊन यायचा. यात्रेतलं तिखट जेवण, उशिरा झोप, पहाटे घशाशी आंबट पाणी. दिवसभर धूळ, आणि त्यावर उधळलेला भंडारा — तो नाकातोंडात जातोच. भरीला गालात तंबाखूची गोळी. मंदावहिनी, त्याची बायको, रोज बोलायच्या. तो म्हणायचा, ‘सीझन संपू दे, मग दावतो डॉक्टरला.’

आणि मग आमच्याच गावची यात्रा आली.

सकाळी स्टेजवर पाहुणे बसलेले. माझे दोन मेव्हणे मढवरून आले होते, त्यांनाही कमिटीनं फेटे बांधून पुढं बसवलं होतं. दिगू रंगात होता. मंडपवाल्याचे आभार, पाण्याच्या टँकरवाल्याचे आभार, आणि मग माझ्याकडं हात करून माईकवर म्हणाला, ‘आन साऊंडची येवस्था बगणारं आमचं जिवाभावाचं दोस्त — पिपाणी साऊंड सर्व्हिस! मालक, तुमी फकस्त बटनं दाबा, तोंड उघडू नगा राव. बैलं बिथारत्याल!’

अख्खा घाट हसला. खालपासून वरपर्यंत हसण्याची लाट आली. ती माझ्याच कर्ण्यांतून गेली होती ना. मेव्हणे फेट्यासकट हलत होते. बायकांच्या गर्दीत माझी बायको दिसली; तिनं तोंडावर पदर घेतला होता. तिला राग आला की हसू, ते मी अजून विचारलेलं नाही.

मीही हसलो. मी हातसुद्धा जोडले.

त्यानंतर दुपारपर्यंत काय झालं ते आत्ता सांगत नाही. सांगणार आहे. आधी शेवट सांगतो — तो मला जास्त वेळा आठवतो.

उन्हं कलली होती. फायनलच्या बाऱ्या चालू. आमच्या गावचा गाडा जुंपला होता. झेंडी पडली, बैल सुटले, दिगू उठून उभा राहिला, मान मागं टाकली आणि भिर्रर्र सुरू केलं — आणि ते मधेच तुटलं. कापलं म्हणा. बैल अजून चढावर होते, लोक ओरडत होते, आणि कर्ण्यांतून नुसती हवा येत होती. मला वाटलं फ्यूज गेला. मी आधी मशीनकडं बघितलं — दिवा चालू, सगळं चालू. मग वर बघितलं. दिगू तोंड उघडून उभा होता. तोंड हलत होतं. त्यानं माईकवर टिचकी मारली. टक्‌टक्‌ असा आवाज कर्ण्यांतून आला. मग त्याला कळलं, माईक चालू आहे. त्यानं घशाला हात लावला. दुखत नव्हतं म्हणे. फक्त काहीतरी पट्कन झालं, आणि मग आत कोणी नाही असं वाटलं.

गावच्या डॉक्टरनं गुळण्या आणि गोळ्या दिल्या. फरक पडेना तेव्हा मी त्याला गाडीवर घालून मंचरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं नेलं. मंदावहिनी मागून एसटीनं आल्या. डॉक्टरांनी घशात दिव्याची नळी घातली आणि समोरच्या पडद्यावर आम्हाला आवाजाची जागा दाखवली. तोपर्यंत मला वाटायचं आवाज म्हणजे काहीतरी मोठं असेल. दोन पातळ पट्ट्या, नखाएवढ्या. खालून श्वास आला की त्या एकमेकींवर आपटतात, एका सेकंदात शंभराहून जास्त वेळा, टाळ्या वाजवल्यासारख्या. दिगूची एक पट्टी मोत्यासारखी पांढरी होती. दुसरी लालभडक, फुगलेली. तिच्यातली एक बारीक रक्तवाहिनी फुटली होती.

‘हे एका दिवसाचं नाही आणि एका दिवसाचंही आहे,’ डॉक्टर म्हणाले. पट्ट्यांना सूज आधीपासून असावी. धूळ, कोरडा घसा, रात्रीचं पित्त वर येणं, तंबाखू, सर्दी, विश्रांती नाही — यांतलं प्रत्येक थोडं थोडं खातं. पण रक्तवाहिनी फुटते ती जोर लावून ओरडताना. आवाज बसला असेल आणि दोन-तीन आठवड्यांत उघडला नाही तर थांबू नका, असं सगळ्यांना सांगा, म्हणाले. कधीकधी आत याहून वाईट काही निघतं. इथं तसलं काही नाही, नशीब समजा. आता औषध एकच. मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्यानंही पट्ट्यांवर ताण येतो.

मग त्यांनी मान वर करून विचारलं, ‘माईक होता ना तुमच्यापुढं? मग एवढं ओरडायची वेळ का आली?’

दिगूला बोलायला बंदी झाली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं. विचारत नव्हता हो तो. नुसता बघत होता, आपल्या वतीनं दुसऱ्यानं बोलावं म्हणून बघतात तसा. मंदावहिनीही माझ्याकडं बघत होत्या.

मी म्हणालो, ‘माईक एकदम चांगला होता, डॉक्टर. मशीन फुल्ल होतं. याला सवयच आहे ओरडायची.’

आणि दिगूनं मान हलवली. हो म्हणून.

आता ते दुपारपर्यंतचं सांगतो.

त्या हसण्यानंतर मी मशीनमागं जाऊन बसलो, आणि पहिल्या बारीला दोन बोटांनी मॉनिटरचं बटण शून्यावर आणलं. मग दिगूच्या माईकचं बटण. तेही हळूहळू, बारीगणिक थोडं थोडं, कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. काय करायचं होतं मला? त्याचा आवाज घालवायचा नव्हता. असं काही होतं हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. मला त्याला फक्त लहान झालेला ऐकायचं होतं. त्याचा तो आवाज बारीक, लांबून, कोणीतरी विहिरीतून बोलतोय असा यावा. लोकांनी ‘ऐकू येत न्हाई’ म्हणून आरडाओरडा करावा. दिवसभरासाठी. एक दिवस त्यानं पिपाणी व्हावं.

त्यानं पहिल्या तासातच मागं वळून हात वर केला — वाढव. मी ओरडून सांगितलं, ‘फुल्ल हाय! जनरेटर दम खातोय!’ त्याचा विश्वास बसला. का बसणार नाही? साऊंड बाळूचा होता. तो जनरेटरवाल्यालाच दोन शब्द बोलला आणि खुर्ची पुढं ओढून माईक ओठांना लावून ओरडायला लागला. दर थोड्या वेळानं हात वर. दर वेळी मी दोन्ही हात पसरून दाखवायचो — काय करणार? जेवायच्या सुट्टीत तो माझ्याशेजारी येऊन बसला. मानेच्या शिरा तटतटलेल्या. पाण्याची बाटली एका दमात संपवली. म्हणाला, ‘बाळ्या, माझा मलाच आवाज येत न्हाई रं. भिताडाशी बोलल्यावानी वाटतंय.’ आवाज तेव्हाच करकरत होता. मी तो ऐकला. मी कानावर जगणारा माणूस, मी तो नीट ऐकला. बटण माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होतं.

मी त्याला माझ्या डब्यातलं पिठलं वाढलं.

आणि दुपारनंतरही बटण तसंच ठेवलं. राग? राग तर दुपारपर्यंत गेलाच होता. मग का ठेवलं? कारण आता वाढवलं असतं तर त्याला कळलं असतं, सकाळपासून कमी होतं. एवढंच. एवढ्यासाठी.

मौन दिगूला जमलं नाही. टोमॅटोचे दिवस, बाजारातून फोन, घरात माणसं. तो कुजबुजायचा. सांगितलं होतं तरी कुजबुजायचा. रक्त विरलं, पण तिथं एक फोड राहिला. पुढं पुण्याला ऑपरेशन करून तो काढला. आवाज परत आला — एवढाच, वाळलेल्या पाचटावरून कोणी चालावं तसा. बोलतो तेव्हा समजतं. शेजारच्या खोलीत हाक पोचत नाही. वाक्य लांबलं की दम संपतो, शेवटचे शब्द हवेत जातात. आवाज शिकवणाऱ्या मॅडमनी मेहनत घेतली, त्यानंही घेतली. पट्टीवर वण राहिला आहे, म्हणाल्या, ती पूर्वीसारखी हलणार नाही. भिर्रर्र संपलं. लग्नं, दहावे — सगळं संपलं.

घरात मात्र कारण ठरून गेलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या इतक्या गोष्टींतून मंदावहिनींनी एकच उचलली. दुसरी कोणती उचलणार? धुळीला शिव्या देता येत नाहीत. ‘तंबाखू खाऊ नगा, खाऊ नगा, किती येळा सांगितलं,’ त्या माझ्यासमोर म्हणायच्या, ‘सोन्यासारखा गळा हातानं घालिवला या मानसानं!’ दिगू खाली बघायचा. त्यानं तंबाखू सोडली, त्या आठवड्यातच सोडली. तरी त्या बोलायच्या. अजून बोलतात. वाईट मनानं नाही. घरात बोलत्या माणसाची जी जागा रिकामी झाली ती त्या बोलून भरतात असं मला वाटतं. मी ओसरीवर बसून चहा प्यायचो. तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं.

मग बैलगाड्यांच्या शर्यतींवर कोर्टाची बंदी आली. घाट ओस पडले, चढावर गवत वाढलं. लोक म्हणायचे, ‘दिगू, आवाज राहिला असता तरी काय उपेग व्हता, पुकारनार कुठं?’ तो हसायचा. आणि मला — सांगायला लाज वाटते — बरं वाटायचं. सगळ्यांचंच बंद झालं ना? मग माझं एकट्याचं काय राहिलं? बंदी होती तोवर मी बरा झोपायचो.

बंदी उठली. घाट भंडाऱ्यानं पुन्हा पिवळे झाले. आता तिथं नवी पोरं पुकारतात.

आणखी एक आहे. हे सांगितलं नाही तर वरचं सगळं सांगून उपयोग नाही.

त्या दिवशी मंचरला डॉक्टर माझं ‘मशीन फुल्ल होतं’ ऐकून क्षणभर थांबले होते. मला वाटलं पकडलं. पण त्यांनी वेगळंच विचारलं, ‘तुमचा आवाज लहानपणापासून असाच?’ त्यांनी माझ्याही घशात नळी घातली. माझ्या पट्ट्या चांगल्या धडधाकट होत्या. पडद्यावर मोत्यासारख्या दोन. म्हणाले, दोष अवयवात नाही. वयात येताना आवाज खाली उतरायचा तो सवयीनं वरच राहिला. असं होतं काही मुलांचं. शिकवलं की उतरतो, या वयातही.

मी गेलो. ज्या मॅडमकडं दिगू आवाज शोधायला जायचा त्यांच्याकडंच, दुसऱ्या वारी. त्यांनी माझ्या गळ्याच्या घाटीवर दोन बोटं ठेवली, हलकेच खाली दाबली आणि खोका म्हणाल्या. खोकलो. आता तोच खोकला लांबवा — ‘आ’ म्हणा. आणि माझ्या तोंडून एक माणूस बोलला. मी दचकून मागं बघितलं. थोड्याच दिवसांत तो आवाज माझ्याकडं राहायला आला. जाड आहे, भरदार आहे. फोनवर आता ‘साहेब’ म्हणतात.

दिगूला आधी कोणी सांगितलं कुणास ठाऊक. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो अंगणातच उभा होता. म्हणाला, ‘बोल कायतरी.’ मी बोललो. त्यानं मला मिठी मारली. माझ्या छातीला कान लावून म्हणाला, ‘आयला बाळ्या! कुठं लपिवला व्हता रं इतकी वर्सं?’ आणि मग शिकवायलाच बसला. माईक किती लांब धरायचा, श्वास कुठं घ्यायचा, नाव घेताना आधी थांबायचं कसं. त्याच्या त्या वाळक्या आवाजात त्यानं मला सगळं दिलं. आज दहाव्याला श्रद्धांजली मी बोलतो. लग्नात सूत्रसंचालन मी करतो. बोलावणारे त्याच्याकडूनच येतात. तोच पाठवतो.

सांगायला हवं होतं ना तेव्हा? त्या अंगणात?

यंदाच्या यात्रेत कमिटीच्या पोरांनी ठरवलं की दिगूभाऊंचा सत्कार करायचा आणि त्यांनी तरुणांना तंबाखूविषयी दोन शब्द सांगायचे. गेली काही वर्षं तो हे करतो. शाळांत जातो, तालमीत जातो. आमच्या गावात पहिल्यांदाच. ओळख करून द्यायला माईक माझ्या हातात दिला. आणि मी भर घाटात, त्यानंच शिकवल्याप्रमाणे आधी थांबून, म्हणालो — ‘तंबाखूपायी ज्यांनी आपला सोन्यासारखा आवाज गमावला, ते आपले दिगंबरभाऊ.’

मी म्हणालो हे. कोणी बळजबरी केली नव्हती. ‘एके काळी ज्यांच्या आवाजावर घाट उभा राहायचा’ एवढं म्हणून थांबता आलं असतं. वहिनींचं वाक्य मी माझ्या भरदार आवाजात हजारो माणसांना ऐकवलं.

दिगू थोडंच बोलला. ‘पोरांनो, माजा आवाज ऐका. हा आसा न्हवता. कुनी घेतला न्हाई माजा, मीच घालिवला. माज्या हातानं.’ मग दम घेतला. ‘दुसऱ्याला बोल लावून भागत न्हाई.’ घाट इतका शांत झाला होता की खाली बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. एका दांडग्या पोरानं पुढं येऊन खिशातली पुडी त्याच्या पायाशी टाकली. मागून आणखी दोघे आले. दिगूचे डोळे भरले. खाली उतरल्यावर माझा दंड धरून म्हणाला, ‘बघ. गेला त्याचं बी कायतरी झालं.’

तंबाखू वाईटच. त्या पोरांनी टाकली ते चांगलंच झालं. हे खरं सांगितलं तर त्याच्या हातात जे काय थोडं उरलंय तेही जाईल — हेही मी स्वतःला सांगून पाहिलं. रात्रभर सांगितलं. ऐकायला फार चांगलं वाटतं ते. दयाळूपणाचं वाटतं. पण मशीनमागं बसून मी ज्या आवाजात ‘जनरेटर दम खातोय’ म्हणालो होतो ना, तोच आवाज आहे तो. फक्त आता जाड झालाय.

त्या दिवशी घाटातून निघताना मंदावहिनी भेटल्या. नारळाचा प्रसाद माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, ‘भावजी, तुमी व्हता म्हनून. दवाखान्यात तुमीच नेलं, आज मान बी तुमीच दिला. यांनी सोताच्या गळ्याची माती केली, पन तुमी मैतरकी सोडली न्हाई.’ शेजारी दिगू उभा होता. खाली बघत.

मी म्हणालो, ‘असू द्या वहिनी.’

त्या घरी पेपर, पुस्तक, काहीही आलं तरी आधी वहिनी वाचतात. हे छापून आलं की तेही त्यांच्याच हातात पडेल. म्हणून शेवटचं त्यांच्यासाठी, आणि एवढंच. वहिनी, इतकी वर्षं तुम्ही चुकीच्या माणसाला बोलत आलात. माणूस मी होतो. चहा घेऊन ओसरीवर बसलेला.